स्टीमओएसची पार्श्वभूमी: एका गेम प्रकाशकाने लिनक्सला पाठबळ का दिले

हातात धरून खेळायच्या गेमयंत्रांच्या बाजारात २०२२ पर्यंत दोनच मळलेल्या वाटा होत्या. निन्टेंडोसारख्या कंपनीने यंत्र, त्यातील ऑपरेटिंग सिस्टिम आणि गेमविक्रीचे दुकान हे सगळे स्वतःच उभारावे, ही एक वाट. आणि लहान उत्पादकांनी विंडोज किंवा अँड्रॉइड आयते घेऊन त्याभोवती पडदा, बॅटरी व बटणे बसवावीत, ही दुसरी. व्हॉल्व्ह या अमेरिकी गेम प्रकाशक कंपनीने २८ फेब्रुवारी २०२२ पासून स्टीम डेक हे यंत्र ग्राहकांकडे रवाना करायला सुरुवात केली, तेव्हा तिसरी वाट उघडली. त्या यंत्रात लिनक्स या कोणालाही मोफत वापरता-बदलता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारित स्टीमओएस होती आणि त्यावर चालणारे बहुतांश गेम मात्र विंडोजसाठी लिहिलेले, लिनक्सचा विचारही न करता बाजारात आलेले होते. ज्या प्रकाशकाचे जवळपास सगळे उत्पन्न विंडोज वापरणाऱ्या ग्राहकांकडून येत होते, त्यानेच विंडोजला पर्याय ठरू शकणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर दहा वर्षे पैसा का ओतला, आणि पहिल्या प्रयत्नात तोंडघशी पडूनही तो का थांबला नाही, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

लिनक्सवर गेम खेळण्याची इच्छा लिनक्सइतकीच जुनी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रसिद्ध केला आणि १९९४ मध्ये आयडी सॉफ्टवेअर या कंपनीतील डेव्ह टेलर यांनी ‘डूम’ हा तेव्हाचा सर्वांत गाजलेला गेम लिनक्सवर आणला. तो व्यापारी निर्णय नव्हता, एका प्रोग्रॅमरची हौस होती. या हौसेचा धंदा करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअरने केला. इतर प्रकाशकांकडून परवाने घेऊन त्यांचे गेम लिनक्ससाठी नव्याने बांधायचे आणि वेगळ्या खोक्यात विकायचे, असा तिचा व्यवहार होता. ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’पासून ‘क्वेक ३ अरीना’पर्यंत तिची यादी चांगली होती, परंतु लिनक्सची आवृत्ती विंडोजच्या आवृत्तीनंतर येई, तोवर उत्साही ग्राहकाने संगणकात दुसरी सिस्टिम बसवून मूळ गेम खेळूनही घेतलेला असे. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली. तिच्या पडझडीतून एक गोष्ट मात्र टिकली. तेथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेले एसडीएल हे ग्रंथालय (प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा आयता कोडसंच), जे पडदा, ध्वनी आणि बटणे यांच्याशी बोलण्याचे काम कोणत्याही सिस्टिमवर एकाच पद्धतीने करते, पुढे शेकडो गेमच्या पायात गेले. लँटिंगा स्वतः २०१२ मध्ये व्हॉल्व्हमध्ये दाखल झाले.

दुसरा मार्ग गेम नव्याने न बांधता जसाच्या तसा चालवण्याचा होता. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा प्रकल्प विंडोजच्या प्रोग्रॅमने केलेल्या मागण्या ओळखून त्या लिनक्सच्या भाषेत पुऱ्या करतो. अलेक्झांड्र ज्युलियार्ड १९९४ पासून त्याची धुरा सांभाळत आहेत. प्रकल्पाची १.० ही आवृत्ती यायला जून २००८ उजाडला, यावरूनच कामाचा आवाका ध्यानात यावा. अडचण मुख्यतः ग्राफिक्सची होती. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये गेम लिहिण्यासाठी डायरेक्टएक्स हा संच आणला आणि पुढच्या दशकभरात गेम लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यातील डायरेक्ट३डी हा ग्राफिक्सचा भाग वापरू लागला. लिनक्सवर उपलब्ध असलेले ओपनजीएल हे वेगळ्या विचाराने रचलेले होते, त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना वेग गळून जाई आणि चित्रात विसंगती राहत. ट्रान्सगेमिंग या कंपनीने वाइनवर आधारित मासिक वर्गणीचे उत्पादन चालवून पाहिले, पण ते २०११ मध्ये गुंडाळले गेले. मिनेसोटातील कोडवीव्हर्स ही कंपनी तेवढी चिकाटीने टिकली, तीही मुख्यतः कार्यालयीन सॉफ्टवेअर चालवून देण्याच्या बळावर.

हातात मावणारी लिनक्स यंत्रे याच काळात येऊन गेली. दक्षिण कोरियात तयार झालेले जीपी२एक्स २००५ च्या अखेरीस बाजारात आले. ग्राहकांच्या आगाऊ पैशांवर उभे राहिलेले पँडोरा २०१० मध्ये, बऱ्याच विलंबाने, लोकांच्या हाती पडले. दोन्हींभोवती निष्ठावंत प्रोग्रॅमरांचा गोतावळा जमला आणि जुन्या यंत्रांचे गेम त्यांवर छान चालले. नवे, मोठे गेम मात्र आले नाहीत, कारण एकाही मोठ्या प्रकाशकाचे त्यांत काही गुंतलेले नव्हते. लिनक्सच्या गेमविश्वाला कौशल्याची वानवा कधीच नव्हती. नुकसान सोसूनही ज्याला हे काम चालू ठेवावेसे वाटेल, असा धनी नव्हता.

तो धनी कसा मिळाला, याचे उत्तर स्टीम या दुकानात आहे. गेब न्यूवेल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये १३ वर्षे काढल्यानंतर माइक हॅरिंग्टन यांच्यासह १९९६ मध्ये व्हॉल्व्हची स्थापना केली. १९९८ मधील ‘हाफ-लाइफ’ने कंपनीला नाव मिळवून दिले. सप्टेंबर २००३ मध्ये तिने स्वतःच्या गेमना सुधारणा पोहोचवण्यासाठी स्टीम सुरू केले, २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ खेळण्यासाठी ते बंधनकारक केले (ग्राहक तेव्हा चांगलेच भडकले होते) आणि २००५ पासून इतरांचे गेमही त्यावर विकायला घेतले. विक्रीच्या साधारण ३० टक्के वाटा दुकानाकडे राहतो. गेम बनवणारी कंपनी पाहता पाहता संगणकावरील गेमविक्रीची सर्वांत मोठी पेठ झाली, आणि कंपनी खाजगी, शेअर बाजारात नोंद नसलेली असल्यामुळे या पैशाचे काय करायचे हे दर तिमाहीला कोणाला समजावून सांगण्याची गरज तिला उरली नाही. पुढे जे घडले त्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे.

ही पेठ उभी होती ती मात्र विंडोजवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत. जागेचा मालक जोवर स्वतः दुकानदारी करत नव्हता तोवर काही बिघडत नव्हते. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान अंगभूत दिले आणि नव्या पद्धतीचे प्रोग्रॅम त्या दुकानातूनच घ्यावे लागतील अशी रचना ठेवली. आयफोनवर अ‍ॅपलने जे केले होते तेच संगणकावर होईल, ही शंका त्यामुळे रास्त ठरत होती. विंडोज ८ बाजारात येण्याच्या तीन महिने आधी, जुलै २०१२ मध्ये सिॲटलमधील एका उद्योग परिषदेत न्यूवेल यांनी ती संगणक क्षेत्रातील सर्वांसाठी आपत्ती ठरेल असे जाहीरपणे सांगितले आणि लिनक्सकडे वळण्याचे कारण ‘वेळ आलीच तर पर्याय हवा’ अशा आशयाचे दिले. लिनक्सप्रेमींनी या भूमिकेत तत्त्वनिष्ठा शोधली; वस्तुतः ती विम्याची पॉलिसी होती. यात कमीपणा काही नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात टिकाऊ निधी बहुतेक वेळा अशाच स्वार्थातून आला आहे.

काम आधीच सुरू झाले होते. व्हॉल्व्हच्या एका छोट्या चमूने ‘लेफ्ट ४ डेड २’ हा गेम उबुंटू या लिनक्स वितरणावर (वापरायला तयार अशा लिनक्सच्या संचावर) चालवायला घेतला होता आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की एकाच यंत्रावर विंडोज ७ मध्ये सेकंदाला २७०.६ चित्रे मिळत असताना लिनक्सवर ३१५ मिळत आहेत. हा आकडा तेव्हा खूप गाजला. त्यामागे मेहनत होती ती स्वतःच्या एका गेमवर आणि ग्राफिक्स कार्डांच्या उत्पादकांबरोबर बसून त्यांच्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) घेतलेली. इतर कोणाचा गेम असाच वेगवान होईल असा त्याचा अर्थ नव्हता. लिनक्ससाठीचे स्टीम १४ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये स्टीमओएसची घोषणा झाली आणि १३ डिसेंबर रोजी डेबियन या लिनक्स वितरणावर आधारित पहिली आवृत्ती उतरवून घेता येऊ लागली.

योजना अशी होती की दिवाणखान्यातील टीव्हीला जोडायचे संगणक निरनिराळ्या उत्पादकांनी बनवावेत, त्यात स्टीमओएस असावी आणि त्यांना स्टीम मशीन म्हणावे. जानेवारी २०१४ मध्ये डझनभराहून अधिक कंपन्यांची नावे जाहीर झाली. मग घोडे अडले. व्हॉल्व्हचा नव्या धर्तीचा कंट्रोलर वेळेत तयार होईना, त्यामुळे सगळाच बेत २०१५ वर गेला. त्यांपैकी एलियनवेअरने वाट न पाहता तेच यंत्र २०१४ च्या अखेरीस विंडोज घालून विकायला काढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम मशीन एकदाची दुकानांत आली तेव्हा तिची किंमत आणि रूप प्रत्येक उत्पादकागणिक वेगळे होते आणि खेळण्यासाठी जे गेम लिनक्सवर मुद्दाम आणले गेले तेवढेच उपलब्ध होते. आर्स टेक्निका या तंत्रज्ञानविषयक नियतकालिकाने त्याच महिन्यात केलेल्या चाचण्यांत तेच गेम विंडोज १० पेक्षा स्टीमओएसवर लक्षणीय हळू चालताना आढळले.

या अपयशाचे मूळ कंट्रोलरच्या विलंबात नव्हते. व्हॉल्व्ह इतर प्रकाशकांकडे काहीतरी मागत होती: तुमचा गेम आमच्या सिस्टिमसाठी पुन्हा बांधा, त्याची चाचणी घ्या आणि पुढची काही वर्षे त्याची देखभाल करा. लिनक्सवरचे ग्राहक स्टीमच्या एकूण ग्राहकांत एखाद्या टक्क्याच्या आसपास असताना हा खर्च कोणत्याही हिशेबनिसाला पटण्यासारखा नव्हता, आणि गेम नाहीत म्हणून ग्राहक वाढत नव्हते. फेरल इंटरॲक्टिव्ह आणि ॲस्पायर यांसारख्या पोर्ट करण्यात, म्हणजे गेम एका सिस्टिमवरून दुसरीवर नेण्यात, वाकबगार असलेल्या कंपन्यांनी ‘एक्सकॉम’ व ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ असे काही मोठे गेम लिनक्सवर आणले, तर ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’ची जाहीर झालेली लिनक्स आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये रद्द करण्यात आली. २०१८ मध्ये स्टीमच्या मुख्य यादीतून स्टीम मशीनचे पान काढले गेले तेव्हा प्रकरण मिटल्यातच जमा आहे असे बहुतेकांनी मानले. पिएर-लू ग्रिफे या व्हॉल्व्हमधील अभियंत्याने तेव्हा लिनक्सवरचे काम थांबलेले नाही असा खुलासा केला, तो सभ्य निरोपासारखा वाचला गेला.

प्रत्यक्षात त्या तीन वर्षांत खालच्या थरात बरेच काही बदलले होते. ग्राफिक्स कार्डाशी अगदी जवळून बोलणारा व्हल्कन हा नवा प्रमाणसंच क्रोनॉस या उद्योगसंघाने १६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध केला. त्याची बीजे चिप बनवणाऱ्या एएमडीच्या मँटल या अशाच संचात होती आणि त्याला लागणारी विकासकांची साधने तयार करण्यासाठी व्हॉल्व्हने लूनारजी या कंपनीला पैसे पुरवले होते. व्हल्कनचा घाट नव्या डायरेक्ट३डीशी मिळताजुळता असल्यामुळे, जे रूपांतर ओपनजीएलमध्ये करताना वेग गळत होता ते आता जवळजवळ तोटा न होता करणे तत्त्वतः शक्य झाले. ते प्रत्यक्षात आणून दाखवले फिलिप रेबोहले या जर्मन प्रोग्रॅमरने. ‘निअर: ऑटोमाटा’ हा एकच गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून त्याने डायरेक्ट३डी ११ चे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारा डीएक्सव्हीके हा प्रकल्प हाती घेतला, आणि २०१८ च्या सुरुवातीलाच व्हॉल्व्हने त्याला या कामासाठी मोबदला देऊ केला. १९९४ मधल्या डूमच्या पोर्टमागे होती तीच ही हौस. फरक इतकाच की या वेळी तिला पगार देणारा कोणीतरी होता.

२१ ऑगस्ट २०१८ रोजी व्हॉल्व्हने प्रोटॉन प्रसिद्ध केले. वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर काही भाग एकत्र बांधून, कोडवीव्हर्सच्या साहाय्याने, ते थेट स्टीममध्ये बसवलेले होते. म्हणजे खेळणाऱ्याने विंडोजचा गेम विकत घ्यायचा, ‘चालवा’ म्हणायचे आणि मधल्या जोडणीची माहितीही त्याला असण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी २७ गेमची अधिकृत यादी होती, पण एक कळ दाबून ती मर्यादा बाजूला सारता येत असे आणि लोकांनी पहिल्या रात्रीपासून आपापले संग्रह तपासायला घेतले. कोणता गेम किती चालतो याच्या नोंदी ठेवणारे प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ त्याच सुमारास उभे राहिले. महत्त्वाचा बदल मात्र आकड्यांत नव्हता. आता व्हॉल्व्ह इतर प्रकाशकांकडे काहीच मागत नव्हती. त्यांनी विंडोजसाठी जे लिहिले ते जसेच्या तसे घ्यायचे, आणि जुळवून घेण्याचा सगळा भार स्वतःच्या खिशातून उचलायचा, अशी ही उलटी भूमिका होती.

तो भार किती खोलवर गेला हे पाहण्यासारखे आहे. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील लहान-मोठी अक्षरे सारखीच मानली जातात, लिनक्समध्ये नाहीत. त्यामुळे एका ठिकाणी मोठ्या आणि दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षरांत नाव लिहिणारा निष्काळजी गेम लिनक्सवर आपलीच फाइल शोधत बसे. कोलॅबोरा या सल्लागार कंपनीतील प्रोग्रॅमरांनी व्हॉल्व्हच्या खर्चाने केलेल्या कामामुळे २०१९ मधील लिनक्स ५.२ पासून एक्स्ट४ या फाइल व्यवस्थेत हा भेद न करण्याची सोय आली. विंडोजचे गेम एकाच वेळी अनेक घटनांची वाट पाहत थांबू शकतात आणि आधुनिक गेमचे डझनावारी धागे (एकाच वेळी चालणारी कामे) सतत तेच करत असतात. लिनक्समध्ये त्याला समांतर असे काही नव्हते, म्हणून जानेवारी २०२२ मधील लिनक्स ५.१६ मध्ये त्यासाठी नवी सिस्टिम कॉलच (प्रोग्रॅमने कर्नलकडे मागणी करण्याची सोय) दाखल करण्यात आली. एएमडीच्या कार्डांसाठी शेडर (पडद्यावरचे चित्र कसे रंगवायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) लवकर तयार करणारा एसीओ हा कंपायलर २०१९ मध्ये व्हॉल्व्हच्या चमूने जाहीर केला आणि तो पुढे मेसा या सर्वांच्या वापरातील ग्राफिक्स संचाचा भाग झाला. प्रोटॉन, मेसा, व्हल्कन आणि स्टीम यांच्याशी संबंधित कामावर शंभराहून अधिक मुक्त स्रोत प्रोग्रॅमरांना कंपनी थेट मोबदला देत असल्याचे ग्रिफे यांनी २०२२ च्या अखेरीस सांगितले. यातले बहुतांश काम कंपनीच्या कुलुपात न राहता मूळ प्रकल्पांत परत गेले आहे. ज्याने आयुष्यात गेम खेळलेला नाही अशा लिनक्स वापरणाऱ्याच्या संगणकातही त्याचा काही अंश चालतो.

पाठबळ देणाऱ्याचे वजन किती वाढले होते, याची झलक जून २०१९ मध्ये दिसली. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने पुढील आवृत्तीतून ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीच्या चिपसाठीचे, सॉफ्टवेअर वगळण्याचा बेत जाहीर केला. तांत्रिकदृष्ट्या तो समजण्यासारखा होता, पण स्टीमवरील जुने गेम आणि वाइन यांना ते लागते, आणि व्हॉल्व्हच्या एका अभियंत्याने आम्ही नव्या उबुंटूला अधिकृत पाठिंबा देणार नाही असे सांगताच काही दिवसांत कॅनॉनिकलने बेत फिरवला. सात वर्षांपूर्वी ज्या दुकानाला दुसऱ्याच्या जागेतून निघावे लागण्याची धास्ती होती, त्याच्या एका वाक्यावर आता सर्वाधिक प्रसिद्ध लिनक्स वितरण आपला निर्णय बदलत होते, आणि ज्यांना प्रत्येक सत्ताकेंद्राकडे संशयाने पाहायची सवय आहे त्यांनी तसे पाहिलेही.

१५ जुलै २०२१ रोजी स्टीम डेकची घोषणा झाली. किंमत ३९९ डॉलरपासून सुरू होती. आत एएमडीने जुळवलेली चिप होती, तिच्यात झेन २ जातीचे चार गाभे आणि आरडीएनए २ जातीचे आठ ग्राफिक्स एकक. १६ जीबी मेमरी, ७ इंची आणि १२८० × ८०० बिंदूंचा पडदा, ४० वॉट-अवरची बॅटरी. डिसेंबरचा मुहूर्त सुट्या भागांच्या टंचाईमुळे फेब्रुवारीवर गेला. स्टीम मशीनशी तुलना केली तर धडा कोठे शिकला गेला ते स्पष्ट दिसते. तेव्हा डझनभर उत्पादकांवर भिस्त होती, आता यंत्र एकच आणि ते स्वतःचे; तेव्हा लिनक्सचे गेम हवे होते, आता स्टीमवरचा अख्खा साठा पुढ्यात होता. हातातल्या यंत्रामुळे एक जादा फायदाही झाला. इतका लहान पडदा असताना मध्यम दर्जाचे चित्र पुरते, आणि सर्वांचे यंत्र तंतोतंत सारखे असल्याने एकाच्या यंत्रात तयार झालेले शेडर दुसऱ्याला गेमबरोबरच पाठवून देता येतात. त्यामुळे विंडोजवर नव्या दृश्यात शिरताना गेम जो अडखळतो तो डेकवर पुष्कळदा अडखळत नाही. ‘एल्डन रिंग’ हा गेम डेक रवाना होऊ लागला त्याच सुमारास आला आणि संगणकावर अडखळण्यामुळे बदनाम झाला, तेव्हा डेकवर तो अधिक सुरळीत चालला, कारण व्हॉल्व्हच्या ग्राफिक्स चमूने मेमरी हाताळण्यातील त्याची खोड मधल्या रूपांतराच्या थरातच दुरुस्त केली होती. मूळ गेमला हात न लावता.

स्टीमओएसही आता वेगळी होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी डेबियन सोडून आर्च लिनक्सचा पाया निवडण्यात आला, कारण ग्राफिक्समधील सुधारणा रोजच्या रोज होत असताना वर्षानुवर्षे गोठवलेला पाया अडचणीचा ठरतो. आर्च नवशिक्याला बिचकवणारे वितरण म्हणून ओळखले जाते. त्यावर उपाय म्हणून सिस्टिमचा भाग केवळ वाचता येईल असा बंद ठेवला गेला आणि त्याच्या दोन प्रती ठेवण्यात आल्या. सुधारणा दुसऱ्या प्रतीत उतरते आणि काही बिनसलेच तर यंत्र पहिल्या प्रतीवर परत येते. गेम चालू असताना पडद्याचे सगळे व्यवहार गेमस्कोप हा छोटा कार्यक्रम पाहतो आणि कोणाला पूर्ण संगणक हवा असेल तर केडीई प्लाझ्माचा डेस्कटॉप मागे तयार असतो. बटण दाबून यंत्र झोपवावे आणि तासाभराने त्याच क्षणापासून खेळ पुढे न्यावा, ही हातातल्या यंत्राची मूलभूत अपेक्षाही येथे पुरी झाली. विंडोजवर चालणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना नेमके तेच जमत नव्हते.

एका ठिकाणी मात्र व्हॉल्व्हला पुन्हा मागावेच लागले. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये लबाडी पकडणारी अँटी-चीट सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा देतात आणि त्यांची नक्कल मधल्या थरात करता येत नाही, किंबहुना नक्कल पकडणे हेच त्यांचे काम असते. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींनी प्रोटॉनला साथ देण्याची सोय जाहीर केली. ती वापरायची की नाही हे मात्र प्रत्येक प्रकाशकाच्या मर्जीवर सोडले गेले. ईझी अँटी-चीटची मालक असलेल्या एपिक या गेम कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी ‘फोर्टनाइट’ डेकवर आणण्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये नकार दिला. कर्नल कोणालाही बदलता येतो, तेथे लबाडीला मोठ्या प्रमाणावर आळा घालता येईल याची खात्री नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हेच स्वीनी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट संगणकावरील गेमविकास आपल्या मुठीत घेऊ पाहत असल्याचा इशारा देत होते. स्टीमशी स्पर्धा करणारे दुकान त्यांनी मधल्या काळात, २०१८ मध्ये काढले होते, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही, तशी त्यांची तांत्रिक हरकतही खोटी ठरवता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘जीटीए ऑनलाइन’ आणि ऑक्टोबर अखेरीस ‘एपेक्स लेजेंड्स’ डेकवरून बंद झाले. ‘एपेक्स’ तोवर दोन वर्षांहून अधिक काळ तेथे व्यवस्थित चालत होता, म्हणजे दार उघडल्यानंतरही ते पुन्हा लावण्याचा अधिकार प्रकाशकाकडेच राहिला.

प्रोटॉनच्या यशाची किंमत म्हणावी अशी दुसरी गोष्ट लिनक्ससाठी मुद्दाम बांधलेल्या आवृत्त्यांबाबत घडली. ‘रॉकेट लीग’ने मार्च २०२० मध्ये आपली लिनक्स आवृत्ती बंद केली आणि तेथील खेळाडूंना प्रोटॉनकडे बोट दाखवले. विंडोजचा जुना प्रोग्रॅम प्रोटॉनवर आजही चालतो आणि त्याच काळातली लिनक्सची मूळ आवृत्ती नव्या ग्रंथालयांशी न जुळल्याने चालत नाही, असा अनुभव दुर्मीळ नाही. विंडोजपासून मोकळे होण्यासाठी सुरू झालेल्या प्रवासाने विंडोजच्याच प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीला लिनक्सवर अधिकृत स्थान मिळवून दिले, आणि त्या पद्धतीत पुढे काय बदल व्हावेत हे मायक्रोसॉफ्टच ठरवते. विम्याची पॉलिसी म्हणून पाहिले तर ही त्यातली सर्वांत मोठी फट आहे, आणि माझ्या मते तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

डेकने बाजार उघडल्यावर २०२३ मध्ये आसूसचे आरओजी ॲलाय आणि लेनोव्होचे लीजन गो आले, दोन्ही विंडोज ११ वर. यंत्रे डेकहून ताकदवान होती, पण कीबोर्ड आणि माऊससाठी घडवलेली सिस्टिम अंगठ्यांनी चालवण्याचा त्रास परीक्षणांमागून परीक्षणांत नोंदला गेला. दरम्यान काही स्वयंसेवकांनी फेडोरा या लिनक्स वितरणाच्या पायावर बॅझाइटसारखी वितरणे तयार करून अशा यंत्रांवर डेकसारखा अनुभव आणला. सायनोजेन या अँड्रॉइडच्या पर्यायी आवृत्तीच्या कंपनीचे माजी प्रमुख कर्ट मॅकमास्टर यांनी प्लेट्रॉन ही कंपनी काढून, कोणत्याही एका दुकानाला न बांधलेली लिनक्स आधारित गेमओएस २०२४ मध्ये पुढे आणली. स्टीमओएस मुक्त स्रोताच्या पायावर असली तरी तिचे तोंड एकाच दुकानाकडे आहे, ही तिच्यावरची जुनी तक्रार या प्रयत्नामागे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉल्व्हने आर्च लिनक्सच्या बांधणी व्यवस्थेसाठी आणि सुरक्षित स्वाक्षरीच्या यंत्रणेसाठी निधी देऊ केला, तेव्हा ज्या पायावर आपण उभे आहोत त्याच्या देखभालीचाही वाटा ती उचलू लागली.

२०१४ मध्ये जे जमले नव्हते ते २५ मे २०२५ रोजी अखेर घडले. लेनोव्होचे लीजन गो एस हे स्टीमओएससह विक्रीला आलेले दुसऱ्या उत्पादकाचे पहिले हातातले यंत्र ठरले, आणि त्याच महिन्यातील ३.७ आवृत्तीने एएमडीच्या चिप असलेल्या इतर यंत्रांवर स्टीमओएस बसवण्याची वाट अधिक सोपी केली. आर्स टेक्निकाने याच यंत्रावर विंडोज ११ आणि स्टीमओएस आलटून पालटून तपासले तेव्हा बहुतेक गेम स्टीमओएसवर अधिक वेगाने चालले. दहा वर्षांपूर्वी त्याच नियतकालिकाने नेमका उलटा निकाल नोंदवला होता. मायक्रोसॉफ्टने आसूसबरोबर ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स ॲलायमध्ये विंडोजचा डेस्कटॉप मागे ठेवून थेट गेमच्या पडद्यात सुरू होण्याची सोय दिली. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा त्याच महिन्यात प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेला.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉल्व्हने स्टीम मशीन हे नाव पुन्हा काढले, या वेळी स्वतः बनवलेल्या टीव्हीजवळच्या यंत्रासाठी, आणि सोबत नवा कंट्रोलर व स्टीम फ्रेम हे डोक्यावर घालायचे यंत्रही जाहीर केले. तिन्ही २०२६ च्या सुरुवातीला आणण्याचा बेत सांगण्यात आला. यांतील स्टीम फ्रेम अधिक लक्ष देण्याजोगे आहे. त्यात स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ ही मोबाइल फोनच्या घराण्यातली एआरएम चिप आहे आणि तिच्यावर स्टीमओएस चालते. म्हणजे विंडोजसाठी आणि इंटेलच्या सूचनासंचासाठी लिहिलेला गेम आता परक्या सिस्टिमबरोबर परक्या चिपवरही चालवायचा आहे. त्यासाठी प्रोटॉनच्या जोडीला फेक्स हा सूचनांचे रूपांतर करणारा प्रकल्प वापरला जातो. तोही व्हॉल्व्हच्या आर्थिक पाठबळावर वाढलेला आहे, आणि त्यासाठीही कोणत्या प्रकाशकाने आपला गेम पुन्हा बांधण्याची अट नाही.